वर्ल्ड कप फायनलला बॉल झहीरच्या हातात होता आणि पिच त्याच्या पहिल्या कोचनं बनवलं होतं

२ एप्रिल २०११. वानखेडे स्टेडियम खचाखच भरलेलं. श्रीलंकेनं टॉस जिंकून बॅटिंग घेतली आणि धोनीनं नवा बॉल झहीर खानकडे दिला.

पहिली ओव्हर मेडन. दुसरी मेडन. तिसरीही मेडन. पहिल्या पाच ओव्हरचा हिशोब होता तीन मेडन, सहा रन आणि उपुल थरंगाची विकेट. स्लिपला सेहवागनं कॅच घेतला आणि वानखेडे दणाणून गेलं.

पण त्या दिवशी ग्राउंडवर अजून एक माणूस होता, ज्याच्याकडे कुठल्याच कॅमेऱ्याचं फारसं लक्ष नव्हतं. झहीर ज्या पिचवर बॉलिंग टाकत होता, ते पिच त्यांनीच तयार केलं होतं. ते वानखेडेचे क्युरेटर होते.

त्यांचं नाव सुधीर नाईक.

आणि श्रीरामपूरवरनं आलेल्या सतरा वर्षांच्या झहीरला मुंबईत ज्यांनी पहिल्यांदा आपल्या क्लबमध्ये घेतलं, ते कोचसुद्धा हेच सुधीर नाईक.

झहीर खानच्या ३११ टेस्ट विकेट सगळ्यांना माहिती आहेत. पण त्या विकेटची सुरुवात ज्यांच्यापासून झाली, त्या नाईकांविषयी फार कमी बोललं जातं. म्हणून ही गोष्ट दोघांची.

आधी सुधीर नाईक कोण होते ते बघू

नाईकांचा जन्म २१ फेब्रुवारी १९४५ चा, मुंबईतला. मुंबई क्रिकेटचा तो काळ म्हणजे टीममध्ये जागा मिळवणं हीच मोठी परीक्षा. एकाच वेळी अर्धी भारतीय टीम मुंबईची असायची.

१९७०-७१ च्या सीझनला मात्र वेगळीच अडचण आली. अजित वाडेकर, सुनील गावसकर, दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर, अशोक मंकड हे सगळे भारतीय टीमसोबत वेस्ट इंडिजला गेलेले. तीच ती ऐतिहासिक सिरीज, जी भारतानं पहिल्यांदा जिंकली.

इकडे रणजी ट्रॉफी मात्र मुंबईला वाचवायची होती. मुंबई तेव्हा वर्षानुवर्षं सलग ट्रॉफी जिंकत आलेली. नेमके सगळे मोठे खेळाडू नसताना ती साखळी तुटली असती तर?

अशा टीमची कॅप्टन्सी नाईकांकडे आली. मुंबईनं फायनलला महाराष्ट्राला ४८ रननी हरवलं आणि ट्रॉफी मुंबईतच राहिली.

आता गंमत बघा. मोठी नावं परत आल्यावर ज्या कॅप्टननं रणजी जिंकून दिली त्यालाच टीमबाहेर बसायची वेळ आली. मुंबई क्रिकेटचा हिशोब असा रोखठोक असायचा. पण नाईकांनी कुरकुर न करता रन करणं सुरू ठेवलं. १९७३-७४ च्या सीझनला त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद २०० केले आणि भारतीय टीमचा दरवाजा उघडला.

१९७४ चा इंग्लंड दौरा. एजबॅस्टनला टेस्ट पदार्पण. भारत ती टेस्ट डावानं हरला, पण दुसऱ्या इनिंगमध्ये सगळ्यात जास्त रन नाईकांचे होते, ७७. त्याच दौऱ्यात हेडिंग्लेला भारत आपली पहिली वनडे खेळला. वनडेमध्ये भारताकडून पहिला चौकार मारल्याची नोंदही सुधीर नाईकांच्याच नावावर आहे.

इथून करिअर वर जायला हवं होतं. झालं उलटं.

त्याच दौऱ्यात लंडनच्या एका दुकानात पायमोज्यांच्या दोन जोड्यांवरनं त्यांच्यावर चोरीचा आळ आला. प्रकरण कोर्टात गेलं, गाजावाजा टाळायचा म्हणून त्यांनी गुन्हा कबूल करावा असा सल्ला त्यांना देण्यात आला आणि त्यांनी तो मानला. हा सल्लाच चुकीचा होता आणि नाईकांवर अन्याय झाला, असं गावसकरांनी पुढे आपल्या 'सनी डेज' या आत्मचरित्रात लिहिलं. पण तोपर्यंत पेपरात जे छापून यायचं ते येऊन गेलेलं.

नाईकांच्या नावावर शेवटी ३ टेस्ट आणि २ वनडे एवढंच राहिलं. त्यांनी मात्र मैदान सोडलं नाही. ते मुंबईच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये रमले. पोरं शोधायची, त्यांना नेटमध्ये उभं करायचं, मॅच खेळवायच्या. पुढे टेस्ट खेळलेला वासिम जाफरसुद्धा याच क्लबमधून घडला.

आणि याच क्लबमध्ये एक दिवस श्रीरामपूरचा पोरगा आला.

श्रीरामपूर ते मुंबई

झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा. गाव श्रीरामपूर, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. आजूबाजूला ऊस आणि साखर कारखाने. गावाचं नाव श्रीरामपूर असलं तरी रेल्वे स्टेशनचं नाव बेलापूर, त्यामुळे नवख्या माणसाचा इथं हमखास गोंधळ होतो. वडिलांचा फोटोग्राफीचा व्यवसाय, आई शिक्षिका. झहीरचं शिक्षण गावातच, सुरुवात मराठी शाळेतनं.

पोरगा अभ्यासात हुशार होता. इंजिनिअरिंगला जायची तयारी झालेली. नव्वदच्या दशकातल्या एखाद्या मध्यमवर्गीय घराला विचारा, इंजिनिअरिंगची सीट सोडून क्रिकेट खेळायला मुंबईला जातो म्हणणाऱ्या पोराला काय ऐकावं लागलं असतं.

पण इथं वडीलच पोराच्या बाजूनं उभे राहिले. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू फास्ट बॉलर हो, असं त्यांचं म्हणणं होतं. झहीरनं पुढे अनेकदा सांगितलेला हा किस्सा आहे.

मुंबईत राहायचं कुठं हा पहिला प्रश्न. नात्यातल्या एक बाई तिथल्या हॉस्पिटलमध्ये कामाला होत्या. त्यांच्यासोबत हॉस्पिटलच्याच छोट्या खोलीत झहीरची राहायची सोय झाली. सकाळी मैदान गाठायचं आणि रात्री त्या खोलीत येऊन पडायचं.

अशा वेळी सुधीर नाईकांनी त्याला नॅशनल क्लबमध्ये घेतलं.

टेनिस बॉल टाकणाऱ्या पोराला कोच नेमकं काय शिकवतो?

श्रीरामपूरसारख्या गावात तेव्हा क्रिकेट म्हणजे मुख्यतः टेनिस बॉल. झहीरचा वेग तिथंच तयार झाला. टेनिस बॉल हलका असतो, त्याला उभी शिवण नसते. त्याला वेग द्यायचा तर खांद्यातनं आणि मनगटातनं झटका द्यावा लागतो. त्यामुळे गावोगावच्या टेनिस स्पर्धांमधनं तयार झालेल्या बॉलरकडे वेग आणि यॉर्कर बऱ्याचदा आपसूक असतो.

लेदर बॉलचा खेळ वेगळा. त्याचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम. त्याला शिवण असते, ती सरळ ठेवून सोडली तर बॉल हवेत वळतो आणि टप्पा पडल्यावरही हलतो. नुसता जोर लावून इथं भागत नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. टेनिस बॉलच्या मॅचमध्ये बॉलर दोन-तीन ओव्हर टाकतो. लेदर बॉलच्या मोठ्या मॅचमध्ये दिवसाला वीस ओव्हर टाकायच्या, पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत उभं राहायचं.

म्हणजे कोचला वेग शिकवायचा नसतो. असलेला वेग न मोडता त्याला शिस्त लावायची असते. नव्या पोराची ॲक्शन पुस्तकाप्रमाणे सरळ करायच्या नादात त्याचा वेगच गेला, अशी उदाहरणं भारतात कमी नाहीत.

मुंबईत ही शिस्त लागते ती क्लब क्रिकेटमध्ये. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क. कांगा लीगला तर पावसाळ्यात मॅच होतात, ओल्या पिचवर, वाढलेल्या गवतात. समोर कधी कॉलेजचा पोरगा, तर कधी रणजी खेळलेला चाळिशीचा बॅट्समन. तुमचा बॉल चांगला की वाईट, हे तो बॅट्समन तिथल्या तिथं सांगतो.

नाईकांनी झहीरला हे क्रिकेट दिलं. क्लबची जागा दिली, किटची सोय बघितली, मॅच दिल्या. गावाकडनं आलेल्या पोराला मुंबईत सगळ्यात आधी हेच लागतं. कुणीतरी म्हणायला पाहिजे की उद्या ये, उद्या तुला बॉल मिळेल.

पण मुंबईच्या टीममध्ये जागा कुठं होती?

क्लबमध्ये झहीर विकेट काढत होता, ज्युनिअर क्रिकेटमध्ये नाव होत होतं. तिथंच टी. ए. सेकर यांची नजर त्याच्यावर पडली. सेकर भारताकडून खेळलेले फास्ट बॉलर आणि चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनचे कोच. १९८७ साली सुरू झालेल्या या फाउंडेशनमध्ये ऑस्ट्रेलियाचा दिग्गज डेनिस लिली स्वतः येऊन पोरांना शिकवायचा. झहीर चेन्नईला गेला आणि नाईकांनी घातलेल्या पायावर पुढचं बांधकाम तिथं झालं.

प्रश्न होता रणजीचा. मुंबईकडे तेव्हा अजित आगरकर, पारस म्हांब्रे, सलील अंकोला, अबे कुरुविला अशी फास्ट बॉलरची रांग. वाट बघत बसलं असतं तर वय निघून गेलं असतं.

म्हणून झहीर बडोद्याला गेला. १९९९-२००० च्या सीझनला बडोद्याकडून रणजी पदार्पण झालं. पुढच्याच सीझनला बडोद्यानं रेल्वेला फक्त २१ रननी हरवून रणजी ट्रॉफी जिंकली. त्या फायनलला झहीरनं ८ विकेट घेतल्या आणि मॅन ऑफ द मॅचही तोच ठरला.

पण त्याआधीच सगळ्या देशाला त्याचं नाव कळलेलं होतं.

स्टीव्ह वॉचा उडालेला स्टंप

ऑक्टोबर २०००, नैरोबी. आयसीसी नॉकआउट स्पर्धा. मॅच फिक्सिंगच्या प्रकरणानं भारतीय क्रिकेट हादरलेलं, गांगुली नवा कॅप्टन आणि टीममध्ये दोन नवी पोरं, युवराज सिंग आणि झहीर खान.

७ ऑक्टोबरला क्वार्टर फायनल, समोर ऑस्ट्रेलिया. योगायोग म्हणजे त्याच दिवशी झहीरचा बावीसावा वाढदिवस. युवराजनं ८४ मारले आणि झहीरनं स्टीव्ह वॉचा स्टंप यॉर्करनं उडवला. भारताचा फास्ट बॉलर ऑस्ट्रेलियाच्या कॅप्टनला वेगावर बोल्ड करतोय, हे दृश्य तेव्हा सवयीचं नव्हतं.

पुढची दोन-तीन वर्षं मस्त गेली. २००३ च्या वर्ल्ड कपला झहीरनं १८ विकेट घेतल्या, भारताकडून सगळ्यात जास्त.

आणि मग आली जोहान्सबर्गची फायनल. २३ मार्च २००३. पहिलीच ओव्हर झहीरची, आणि तो जोशात इतका वाहवत गेला की वाइड, नो-बॉल धरून त्या एका ओव्हरला १५ रन गेले. ७ ओव्हरला ६७ रन. ऑस्ट्रेलियानं ३५९ केले. भारत फायनल हरला आणि लोकांच्या लक्षात राहिली ती पहिली ओव्हर.

परत क्लबच्या पोरासारखं

त्यानंतर दुखापतींचा फेरा सुरू झाला. वर्षअखेरीस ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला पहिल्याच इनिंगला ५ विकेट घेतल्या आणि पायाच्या स्नायूनं दगा दिला. दरम्यान इरफान पठाण आला, तोही डावखुरा, तोही स्विंग करणारा. २००६ च्या सुरुवातीला पाकिस्तान दौऱ्यानंतर झहीर टीमबाहेर गेला. करिअर संपलं असं बोललं जाऊ लागलं.

तेव्हा झहीर इंग्लंडला गेला, वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला.

काउंटी म्हणजे मुंबईच्या क्लब क्रिकेटचाच मोठा भाऊ. कॅमेरे कमी, प्रवास जास्त, आणि मॅच संपली की पुढची मॅच. तिथं झहीरनं पहिल्याच मॅचमध्ये १० विकेट घेतल्या. एसेक्सविरुद्ध एका इनिंगमध्ये ९ विकेट काढल्या. सीझन संपेपर्यंत आकडा ७८ वर गेला होता.

बॉलिंगही बदलली. रन-अप छोटा केला, उडी आटोपशीर केली. वेग थोडा कमी झाला तरी चालेल, पण बॉल पाहिजे तिथं पडला पाहिजे. ज्या शरीरानं सारखा दगा दिला, त्याच्याशी त्यानं तडजोड केली.

परत आल्यावर तो मुंबईकडून रणजी खेळला. फेब्रुवारी २००७ मध्ये वानखेडेवर बंगालविरुद्ध फायनल झाली, झहीरनं ९ विकेट घेतल्या आणि मुंबई चॅम्पियन झाली. ज्या शहराच्या टीममध्ये त्याला विशीत जागा नव्हती, त्या शहराला त्यानं अशी ट्रॉफी जिंकून दिली.

जेली बीन्स आणि ९ विकेट

जुलै २००७, ट्रेंट ब्रिज. झहीर बॅटिंगला आला तर पिचवर जेली बीन्सच्या गोळ्या पडलेल्या. त्यानं उचलून फेकल्या, थोड्या वेळानं परत गोळ्या. झहीर भडकला, पीटरसनशी बाचाबाची झाली.

नंतर त्यानं उत्तर बॉलनं दिलं. पहिल्या इनिंगला ४, दुसऱ्या इनिंगला ५, एकूण ९ विकेट. भारत सात विकेटनी जिंकला. याच विजयाच्या जोरावर भारतानं १९८६ नंतर पहिल्यांदा इंग्लंडमध्ये टेस्ट सिरीज जिंकली.

झहीर तेव्हा करायचा काय, हे समजून घेण्यासारखं आहे. डावखुऱ्या बॅट्समनला तो स्टंपच्या दुसऱ्या बाजूनं यायचा. त्या कोनातनं आलेला बॉल टप्पा पडून बाहेर निघायचा. बॅट्समन सोडायला गेला की एखादा बॉल सरळ आत. इंग्लंडचे डावखुरे असोत की दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅम स्मिथ, सगळ्यांना हा प्रश्न सोडवणं अवघड गेलं.

जुना बॉल हातात आला की अजून एक युक्ती. रिव्हर्स स्विंगला बॅट्समन बॉलची चकाकी कुठल्या बाजूला आहे ते बघून अंदाज बांधतो. झहीर पळत येताना दुसऱ्या हातानं बॉल झाकून घ्यायचा. अंदाज बांधायचा तरी कशावर? ही युक्ती आपण झहीरला बघून शिकलो, असं जेम्स अँडरसननं सांगितलेलं आहे. ज्याच्या नावावर ७०० हून जास्त टेस्ट विकेट आहेत, तो अँडरसन.

आणि मग २०११

वर्ल्ड कपपर्यंत झहीरनं अजून एक बॉल तयार केला, नकल बॉल. बॉल बोटांच्या पेरांवर धरायचा, हाताचा वेग तोच ठेवायचा, पण बॉल हळू निघतो. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या क्वार्टर फायनलला माईक हसी याच बॉलवर बोल्ड झाला.

त्याआधी बंगळुरूला इंग्लंडविरुद्ध ३३८ करूनही भारत हरत होता. स्ट्रॉस १५८ वर खेळत होता. झहीरनं लागोपाठच्या दोन बॉलवर बेल आणि स्ट्रॉसला काढलं आणि मॅच टाय झाली.

स्पर्धेत त्याच्या २१ विकेट झाल्या. शाहिद आफ्रिदीच्याही तेवढ्याच. दोघंही यादीत पहिले.

फायनलला त्याचा शेवट महागडा झाला, १० ओव्हरमध्ये ६० रन गेले. पण जोहान्सबर्गच्या त्या पहिल्या ओव्हरचं ओझं आठ वर्षं बाळगलेल्या बॉलरनं वानखेडेवर पहिल्या तीन ओव्हर मेडन टाकल्या, हे विसरता येत नाही. आणि पायाखालची माती नाईकांनी तयार केलेली होती.

शेवटी हिशोब काय?

झहीरनं १५ ऑक्टोबर २०१५ ला निवृत्ती जाहीर केली. ९२ टेस्टमध्ये ३११ विकेट, २०० वनडेत २८२ विकेट. त्या दिवशी भारतीय फास्ट बॉलरमध्ये टेस्ट विकेटच्या यादीत त्याच्यापुढे फक्त कपिल देव होता. २०११ ला अर्जुन पुरस्कार, २०२० ला पद्मश्री.

सुधीर नाईकांचं ५ एप्रिल २०२३ ला मुंबईत निधन झालं. ते ७८ वर्षांचे होते.

आज आयपीएलमुळे टॅलेंट स्काउट गावोगाव फिरतात, मोबाईलवरचा एक व्हिडिओ व्हायरल झाला तरी पोराला ट्रायलला बोलावणं येतं. तेव्हा तसं काही नव्हतं. तालुक्याच्या गावातल्या पोराला मोठ्या शहरात एक ओळखीचा क्लब आणि एक विश्वास टाकणारा माणूस लागायचा. तो भेटला नाही म्हणून परत गेलेल्या पोरांची नोंद कुठल्याच स्कोअरकार्डमध्ये नाही.

झहीरला तो माणूस भेटला. तोही असा, ज्याचं स्वतःचं करिअर तीन टेस्टवर थांबलं होतं.